लॉट कुठे आहे? कारखान्यातल्या मालाचा ठाव संभाव्यतेने कसा लावायचा

सकाळी दहाला एका लॉटचा (एका क्रेटमधून एकत्र फिरणाऱ्या पार्टचा) स्टिकर डीबरिंगच्या, म्हणजे पार्टच्या खरबरीत कडा काढण्याच्या, टेबलावर स्कॅन झाला. दुपारचा एक वाजत आला, तरी त्यानंतर त्याचा कुठेही स्कॅन नाही. संध्याकाळच्या टेम्पोत हा माल जायलाच हवा, असा ग्राहकाचा फोन येऊन गेलाय. अंधेरी एमआयडीसीतल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या पितळी पार्ट करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात ही वेळ येते. स्क्रीनवर 'डीबरिंग' दिसतं. सुपरवायझर म्हणतो, "साहेब, तो कधीच पुढे गेला असणार." आणि हेल्पर एका टोकापासून सगळे क्रेट हलवायला लागतो.

स्क्रीनला शेवटची नोंद माहीत आहे. सुपरवायझरला माल साधारण किती वेळात पुढे सरकतो ते माहीत आहे. आणखी एक माहिती मात्र दोघेही वापरत नाहीत: गेल्या तीन तासांत पुढच्या एकाही ठिकाणी स्कॅन झालेला नाही. तिन्ही गोष्टी एकत्र करून 'डीबरिंग इतके टक्के, क्यूसी (तपासणी) इतके, पॅकिंग इतके' असं उत्तर काढता येतं आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. साधी एक्सेल शीट पुरते. नव्या माहितीने जुना अंदाज कसा सुधारायचा हे मांडणारा थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याच्या शक्यतांची साखळी आंद्रेय मार्कोव्ह यांनी १९०६ साली मांडली. आपल्याला या दोनच कल्पना लागतील.

पायरी १: जागा ठरवा

पहिलं काम कागदावर. लॉट असू शकेल अशा सगळ्या जागा लिहा. माणसाला 'तिथे जाऊन बघ' असं सांगता येतं, ती एक जागा. मशीन शॉपमधल्या प्रत्येक सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला) वेगळी जागा मोजायची गरज नाही. पण दोन मजल्यांवर काम चालत असेल, तर खालची आणि वरची जागा वेगळी धरा. छोट्या कारखान्याला सहा ते दहा जागा भरपूर होतात.

प्रोसेस शीटवर नसलेल्या जागा इथे विसरू नका. मुंबईतल्या बहुमजली इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गुड्स लिफ्ट सगळ्या गाळ्यांना मिळून एखादीच असते. तिच्यासमोर तुमचा लॉट तासभर पडून राहतो, पण कागदोपत्री तो खालून निघालेला आणि वर न पोचलेला. ही लिफ्टसमोरची जागा यादीत घ्याच. पोटमाळाही घ्या. रिवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायचा, माल ठेवायचा कोपरा घ्या. टेम्पो ही सुद्धा एक जागा आहे.

प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) वसईला किंवा भिवंडीला माल जात असेल, तर 'प्लेटरकडे' ही एकच जागा धरा. प्लेटरच्या कारखान्यात तो नेमका कुठल्या टाकीजवळ आहे, यात पडू नका. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेल्या मालाची नोंद तशी सगळ्यात पक्की असते, कारण ती कायद्याने ठेवावीच लागते. माल चलानावर जातो आणि सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. त्यामुळे गेटवरचं चलान हा तुमचा सगळ्यात भरवशाचा स्कॅन आहे. त्याची नोंद संध्याकाळी एकदम न करता टेम्पो निघतानाच शीटमध्ये करा.

पायरी २: माल किती वेळ थांबतो ते मोजा

आता प्रत्येक जागेसाठी दोन गोष्टी हव्यात: लॉट तिथे सरासरी किती वेळ असतो आणि तिथून कुठे कुठे जातो. ऑपरेटरला विचारलंत तर तो 'काम करायला' लागणारा वेळ सांगेल. आपल्याला रांगेत पडून राहण्याचा वेळही धरायचा आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच मोठा असतो. क्रेटला एक कागद बांधा, आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायला सांगा. वीस-पंचवीस लॉटचे आकडे हाती आले की सुरुवात करता येते.

त्यावरून शक्यता काढणं सोपं आहे. आपण अर्ध्या-अर्ध्या तासाने हिशेब करणार आहोत असं धरू. डीबरिंगला लॉट सरासरी १०० मिनिटं असतो, तर कुठल्याही अर्ध्या तासात तो तिथून निघण्याची शक्यता ३० भागिले १००, म्हणजे ०.३०. थांबण्याची ०.७०. क्यूसीला सरासरी एक तास, म्हणजे निघण्याची शक्यता ०.५०. क्यूसीतून निघालेल्या दर पाच लॉटपैकी चार पॅकिंगला जातात आणि एक रिवर्कसाठी डीबरिंगला परत येतो, असं कागदांवरून दिसलं, तर पॅकिंगकडे ०.४० आणि मागे ०.१०. पॅकिंगला पोचलेला माल संध्याकाळपर्यंत तिथेच राहतो, म्हणून तिथे थांबण्याची शक्यता १. ही उदाहरणाची संख्या आहे. तुमच्या कारखान्याची तुम्हीच काढायची, दुसऱ्याची उसनी घेऊन उपयोग नाही.

दोन पथ्यं इथेच सांगतो. घड्याळ कामाचं धरा, भिंतीवरचं नको. जेवणाची सुट्टी, वीज गेलेली वेळ, साप्ताहिक सुट्टी या काळात माल सरकत नाही, म्हणून शीटमधला वेळही तेव्हा थांबायला हवा. प्लेटरच्या सुट्टीचा वार तुमच्यापेक्षा वेगळा असेल, तर त्याच्या जागेला त्याचं घड्याळ.

दुसरं, वरच्या पद्धतीत एक गृहीतक लपलंय. लॉट डीबरिंगला पाच मिनिटांपूर्वी आलेला असो की दोन तासांपूर्वी, पुढच्या अर्ध्या तासात निघण्याची शक्यता आपण तीच धरतो. प्रत्यक्षात आत्ता आलेला लॉट लगेच निघत नाही. हे फार खटकत असेल, तर त्या जागेचे दोन भाग करा: 'डीबरिंग, रांगेत' आणि 'डीबरिंग, काम चालू'. एवढ्याने हिशेब वास्तवाच्या बराच जवळ येतो. सगळ्याच जागांना हे करू नका, जिथे माल जास्त अडतो तिथेच करा.

पायरी ३: स्कॅन किती वेळा चुकतो

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळी पद्धतच बिनकामाची ठरवतात. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये तयार झाला तो मोटारींच्या पार्टवर नजर ठेवण्यासाठीच. पण कोड स्वतः होऊन काही सांगत नाही. माणसाने स्कॅनरची गन धरावी लागते आणि घाईत ती धरली जात नाही. हे चुकण्याचं प्रमाण प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायची पद्धत: एक माणूस वही घेऊन क्यूसीच्या दारात बसवा. किती क्रेट आत गेले ते त्याने लिहायचं. संध्याकाळी सिस्टिममधले स्कॅन मोजायचे. समजा ४० क्रेट गेले आणि ३२ स्कॅन झाले, तर सुमारे ८० टक्के. ४० पैकी ४० स्कॅन झाले तर मात्र १०० टक्के लिहू नका. अशा वेळी लाप्लास यांचा नियम वापरा: वर एक मिळवा, खाली दोन मिळवा. ४१ भागिले ४२, म्हणजे ९७.६ टक्के. शीटमध्ये कुठेही शुद्ध शून्य किंवा शुद्ध १०० घातलंत, की पुढचा कितीही सबळ पुरावा तो आकडा हलवू शकत नाही. आमच्याकडे असं कधीच होत नाही, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी ०.००१ ठेवाच.

मोजताना मागे येणाऱ्या मालाकडे वेगळं लक्ष द्या. पुढे जाणारा लॉट बहुतेक जण स्कॅन करतात, कारण त्यावर उत्पादनाचा आकडा लागतो. रिवर्कला परत ढकललेला क्रेट मात्र बऱ्याचदा तसाच सरकवला जातो. आपल्या उदाहरणात असं धरू: क्यूसीत येताना २० टक्के स्कॅन चुकतात, पॅकिंगला येताना १० टक्के, रिवर्कसाठी डीबरिंगला परतताना ३० टक्के.

पायरी ४: शीट मांडा आणि शांततेचाही हिशेब करा

शीटमध्ये तीन रकाने घ्या: डीबरिंग, क्यूसी, पॅकिंग. दहाच्या ओळीत १, ०, ० लिहा, कारण स्कॅन नुकताच डीबरिंगला झालाय. (सुरुवातीच्या या ओळीला शून्य चालतं, पुढच्या एक-दोन ओळींत ती भरून येतात.) स्कॅन न झालेल्या प्रत्येक अर्ध्या तासासाठी पुढची ओळ अशी:

नवं डीबरिंग = जुनं डीबरिंग × ०.७० + जुनं क्यूसी × ०.१० × ०.३०
नवं क्यूसी = जुनं डीबरिंग × ०.३० × ०.२० + जुनं क्यूसी × ०.५०
नवं पॅकिंग = जुनं पॅकिंग + जुनं क्यूसी × ०.४० × ०.१०

प्रत्येक हालचालीला 'ती गुपचूप झाली' याची शक्यता लावलीय, एवढंच. डीबरिंगहून क्यूसीला जाणं ०.३०, पण स्कॅन न होता जाणं ०.३० गुणिले ०.२०. जागेवर थांबलेल्या मालाकडून स्कॅनची अपेक्षाच नसते, म्हणून थांबण्याला काही लावायचं नाही. ओळ झाली की तिन्ही आकड्यांची बेरीज करा आणि प्रत्येक आकड्याला तिने भागा. टक्के मिळतील. पुढच्या ओळीसाठी मात्र न भागलेले आकडेच वापरा, ती बेरीज आपल्याला नंतर लागणार आहे.

आपल्या लॉटचे टक्के असे येतात:

१०:३० — डीबरिंग ९२.१, क्यूसी ७.९, पॅकिंग ०
११:०० — डीबरिंग ८६.९, क्यूसी १२.७, पॅकिंग ०.४
१२:०० — डीबरिंग ७९.९, क्यूसी १७.५, पॅकिंग २.६
१:०० — डीबरिंग ७४.१, क्यूसी १८.८, पॅकिंग ७.१

आता सुपरवायझरच्या पद्धतीने, म्हणजे शांतता (स्कॅन न होणं) न धरता नुसत्या वेळेवरून तोच हिशेब करा. एक वाजता डीबरिंग २० टक्के, क्यूसी १९, पॅकिंग ६१ येतात. एकच लॉट, तीच वेळ, पण एका हिशेबात पॅकिंगला ७ टक्के आणि दुसऱ्यात ६१. हा सगळा फरक न झालेल्या स्कॅनमधून आलाय. माल खरोखर पॅकिंगपर्यंत गेला असता, तर वाटेत दोन ठिकाणी स्कॅन व्हायला हवा होता आणि दोन्ही एकदम चुकणं अवघड आहे. मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. स्कॅन न होणं ही रिकामी जागा समजून सोडून देतात, पण तीही नोंद आहे आणि तिला वजन आहे.

नंतर अडीच वाजता पॅकिंगला स्कॅन झालाच, तर सगळं वजन उचलून तिकडे न्यायचं आणि नवी सुरुवात करायची.

पायरी ५: स्टिकरच खराब झाला असेल तर?

वरचा हिशेब एका बाबतीत भोळा आहे. क्यूसीचा स्कॅन चुकणं आणि पॅकिंगचा स्कॅन चुकणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं त्यात धरलंय. पण डीबरिंगच्या तेलाने स्टिकर भिजला आणि कोड वाचताच येईना, तर पुढचे सगळे स्कॅन एकदम गेले. एकाच कारणाने होणाऱ्या अशा चुका वेगळ्या मोजल्या नाहीत, तर हिशेब फार आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो.

रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं. सुरुवातीला जहाजांनी ब्लॅक बॉक्सच्या पिंगरचा (पाण्याखाली आवाजाचा इशारा देणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकायचा प्रयत्न केला, काहीच ऐकू आलं नाही आणि तो भाग शोधून झाला असं समजलं गेलं. पुढे संभाव्यतेच्या पद्धतीने नकाशा पुन्हा मांडताना पिंगर चालूच नसतील, ही शक्यताही धरली गेली. त्या नकाशाने आधी ऐकून झालेल्या भागाकडेच बोट दाखवलं आणि २०११ च्या एप्रिलमध्ये, शोध नव्याने सुरू झाल्यावर आठवड्याभरात, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. आपल्या क्रेटवरचा तेलकट स्टिकर हा तसाच बंद पडलेला पिंगर आहे.

हे शीटमध्ये कसं घ्यायचं? दोन शीट समांतर चालवा. एक, स्टिकर ठीक आहे असं धरून, म्हणजे वरचीच. दुसरी, स्टिकर वाचता येत नाही असं धरून, म्हणजे नुसत्या वेळेवर चालणारी. समजा तुमच्या पाहणीत डीबरिंगनंतर १०० पैकी ५ स्टिकर वाचता येत नाहीत. पहिल्या शीटची एक वाजताची बेरीज ०.१६५ येते. याचा अर्थ, ठीक स्टिकरच्या ९५ लॉटपैकी जेमतेम १६ लॉट एवढे गप्प राहिले असते. खराब स्टिकरचे पाचही गप्पच राहणार. म्हणजे तीन तास गप्प असलेल्या सुमारे २१ लॉटपैकी ५ खराब स्टिकरचे. ५ टक्क्यांची शंका आता २४ टक्क्यांवर गेली.

दोन्ही शीट त्या प्रमाणात मिसळल्या की एक वाजताचं उत्तर बदलतं: डीबरिंग ६१ टक्के, क्यूसी १९, पॅकिंग २०. आधीच्या ७४, १९, ७ पेक्षा हे जास्त प्रामाणिक उत्तर आहे.

स्टिकरऐवजी दारावरची गनच बंद असू शकते. ते ओळखायला एका लॉटकडे पाहून चालत नाही, त्या दाराकडे बघावं लागतं. दहा तासांच्या शिफ्टमध्ये क्यूसीला १२ लॉट येतात आणि त्यांतले ८० टक्के स्कॅन होतात असं धरू. म्हणजे तासाला सरासरी ०.९६ स्कॅन. लॉट आपापल्या वेळी सुटे सुटे येत असतील, तर तासभर एकही स्कॅन न होण्याची शक्यता ३८ टक्के आहे. त्यात काळजीचं काही नाही. सलग तीन तास शांतता असण्याची शक्यता मात्र ६ टक्क्यांहून कमी. तेव्हा माल शोधायच्या आधी गनची बॅटरी आणि वायफाय बघा.

पायरी ६: माणूस कुठे पाठवायचा

टक्के काढायचे ते हेल्परची पायपीट वाचवण्यासाठी. तो डीबरिंगला गेला, बघितलं आणि सांगायला आला, "नाहीये तिथे." आता त्या जागेचे ६१ टक्के शून्य करायचे का? नाही. एकावर एक रचलेल्या क्रेटमध्ये असलेला लॉटही दहापैकी एकदा नजरेतून सुटतो, असं धरा. डीबरिंगच्या वजनाला ०.१० ने गुणा, बाकीची तशीच ठेवा, पुन्हा बेरजेने भागा. नवं उत्तर: डीबरिंग १३.५, क्यूसी ४२, पॅकिंग ४४.५. खराब स्टिकरची शंकाही सोबत ४४ टक्क्यांवर चढते. तेव्हा त्याला पुढे पाठवताना 'लॉट नंबर बघ' एवढं सांगून भागणार नाही. स्टिकर नसलेला किंवा तेलकट क्रेट दिसला तर आतला पार्ट आणि जॉब कार्ड बघायला सांगा.

बघायला लागणारा वेळही धरा. प्रत्येक जागेसाठी 'तिथे असण्याची शक्यता × तिथे असला तर दिसण्याची शक्यता' काढा आणि त्याला लागणाऱ्या मिनिटांनी भागा. जिथे आकडा मोठा, तिथे आधी जा. डीबरिंगचे सगळे क्रेट बघायला १० मिनिटं लागत असतील, तर एक वाजताचा आकडा ०.६१ × ०.९० भागिले १०, म्हणजे ०.०५५. पॅकिंग मोकळं आहे, तिथे २ मिनिटांत कळतं आणि ९५ टक्के वेळा दिसतंच: ०.२० × ०.९५ भागिले २, म्हणजे ०.०९५. शक्यता एक तृतीयांश असूनही आधी पॅकिंगला डोकावणं फायद्याचं. गुड्स लिफ्टची वाट बघत वर जावं लागणार असेल, तर ती मिनिटंही यात धरा.

आरएफआयडी बसवायचा विचार असेल तर

हाताने स्कॅन करण्याऐवजी आरएफआयडीचा (रेडिओ लहरींनी दुरूनच वाचला जाणारा) टॅग लावला की सगळा प्रश्न सुटेल, असं बरेच जण समजतात. चुकलेले स्कॅन कमी होतात हे खरं आहे. पण एक नवी अडचण येते: नको तिथे वाचलं जाणं. भारतात यूएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीचे) टॅग ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि ते काही मीटरवरून वाचले जातात. मुंबईतल्या गाळ्यात क्यूसी आणि पॅकिंग यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन असतं. पार्टिशनला टेकलेला क्यूसीतला क्रेट पॅकिंगचा अँटेना खुशाल वाचतो. शिवाय आपला माल धातूचा. धातूवर साधा टॅग नीट चालत नाही, त्यासाठी धातूवर लावायचे वेगळे टॅग मिळतात. ते तरी घ्या, नाहीतर टॅग प्लास्टिकच्या क्रेटच्या कडेला, मालापासून जरा दूर लावा.

एक उदाहरण पुरेल. लॉट क्यूसीत असण्याची शक्यता ९० टक्के, पॅकिंगला १० टक्के. पॅकिंगच्या अँटेनाने तो वाचला. खरोखर पॅकिंगला असता तर ९५ टक्के वेळा वाचला असता, पार्टिशनपलीकडून १० टक्के वेळा वाचला जातो. ०.१० × ०.९५ म्हणजे ०.०९५, आणि ०.९० × ०.१० म्हणजे ०.०९०. पॅकिंगची शक्यता ५१ टक्के झाली, बस इतकीच. मग कोणी म्हणेल, अँटेनाने तो मिनिटाभरात पन्नास वेळा वाचलाय. ते पन्नास पुरावे धरू नका. क्रेट त्याच जागी, त्याच कोनात पडलाय, म्हणून तोच एक पुरावा पुन्हा पुन्हा ऐकू येतोय. अर्ध्या तासाच्या एका ओळीत एका अँटेनाचं वाचन एकदाच धरा. आणि त्याहून आधी अँटेनाची पॉवर कमी करा, तोंड पार्टिशनपासून फिरवा. चुकीची माहिती जन्मालाच आली नाही, तर तिचा हिशेब करावा लागत नाही.

मीटर-सेंटिमीटरमध्ये जागा काढणाऱ्या पद्धतीही आहेत. रुडॉल्फ काल्मन यांचा १९६० चा फिल्टर त्यातला सर्वांत प्रसिद्ध. मोठ्या शेडमध्ये फिरणाऱ्या फोर्कलिफ्टसाठी त्या उत्तम. नावं असलेल्या आठ-दहा जागांच्या गाळ्याला त्यांची गरज नाही.

पायरी ७: हिशेब खरा आहे का, ते जमिनीवर तपासा

सगळ्या लॉटच्या शीटमधले क्यूसीचे टक्के एकत्र करा आणि १०० ने भागा. उत्तर ६.४ आलं, तर क्यूसीत साधारण सहा-सात क्रेट दिसायला हवेत. दिवसातून एकदा प्रत्यक्ष मोजा. एखाद-दोनचा फरक चालेल. पण तिथे ११ क्रेट असतील, तर कोष्टक, म्हणजे थांबण्याच्या, जाण्याच्या आणि स्कॅन चुकण्याच्या आकड्यांचा तक्ता, जुनं झालंय.

कुठला आकडा चुकला ते शोधायला जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम कामी येतो: जागेवर असलेला सरासरी माल म्हणजे तिथे येण्याचा वेग गुणिले तिथे थांबण्याचा वेळ. तासाला १.२ लॉट येतात आणि प्रत्येक जण एक तास थांबतो असं आपण लिहिलंय, तर टेबलावर सरासरी १.२ क्रेट हवेत. रोज पाच दिसत असतील, तर ५ भागिले १.२, म्हणजे लॉट तिथे चार तासांहून जास्त थांबतोय. एक तास हा आकडा कोणीतरी अंदाजाने सांगितलेला असणार. हा नियम लावायला ना स्कॅन लागतो ना टॅग, नुसते डोळे पुरतात.

दुसरी तपासणी टक्क्यांची. '७० टक्के इथे आहे' असं शीटने ज्या ज्या वेळी सांगितलं, त्यातल्या दहापैकी सुमारे सात वेळा माल तिथे सापडायला हवा. दहापैकी दहा वेळा सापडत असेल, तर तेही चुकीचंच आहे, शीट गरजेपेक्षा भित्री झालीय. हवामानाचे अंदाज तपासायला ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली सुचवलेली रीत इथे चालते: शीटने सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष (सापडला तर १, नाही तर ०) यांच्यातल्या फरकाचा वर्ग, आणि सगळ्यांची सरासरी. आठवड्यागणिक ती कमी होत गेली पाहिजे.

दिवस संपल्यावर लॉट नेमका कुठल्या वाटेने गेला, रिवर्कला जाऊन आला का, हे काढायचं असेल तर अँड्र्यू व्हिटर्बी यांची १९६७ ची पद्धत आहे. ती शीटमध्ये बसवणं कटकटीचं, इथे छोटा प्रोग्रॅम लिहून घेणंच बरं. तिचा खरा उपयोग नोंद न झालेलं रिवर्क शोधण्यात आहे. आणि कित्येक कारखान्यांत तोच सगळ्यात लपलेला खर्च असतो.

माणसांशी बोलून घ्या

दारात वही घेऊन माणूस बसला, की आपल्यावर नजर ठेवतायत असं ऑपरेटरना वाटतं. ते वाटू देऊ नका. मोजायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांना एकत्र बोलवून सांगा, की क्रेट मोजतोय, माणूस नाही. आणि तसंच वागा. चुकलेल्या स्कॅनची टक्केवारी दाराच्या नावावर लिहा, कुणाच्या नावावर नको. ज्या दिवशी त्या आकड्यावरून एखाद्याचा पगार कापला जाईल, त्या दिवसापासून लोक माल नसतानाही स्कॅन करायला लागतील, एकाच जागी बसून दहा स्टिकर स्कॅन होतील आणि मग कुठलंच गणित तुम्हाला लॉट शोधून देणार नाही. स्कॅन चुकतोय हे कळलं, तर आधी गन कुठे टांगलीय ते बघा. दोन्ही हातांनी क्रेट धरलेल्या माणसाला ती सहज घेता येत नसेल, तर चूक गनच्या खिळ्याची आहे.

सुपरवायझरलाही यात घ्या. कोष्टकातला कुठला आकडा विचित्र आहे, ते तो एका नजरेत सांगेल. त्याचं म्हणणं मोजून पडताळा, पण विचारल्याशिवाय राहू नका.

एकदा केलेलं कोष्टक वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात टेम्पो हायवेवर अडकतो, प्लेटरकडून माल उशिरा येतो. गणपतीत गावाला गेलेली माणसं परतेपर्यंत डीबरिंगला निम्मे हात असतात. दिवाळीआधी सगळ्यांनाच घाई, म्हणून थांबण्याचे वेळ बदलतात आणि स्कॅन जास्त चुकतात. एरवीचं एक आणि घाईच्या दिवसांचं एक, अशी दोन कोष्टकं ठेवा. नवा प्लेटर, नवी मशीन किंवा टेबलांची बदललेली जागा, यापैकी काही झालं की त्या जागेचे वीस-पंचवीस लॉट पुन्हा मोजा. सुरुवात मात्र सगळ्या कारखान्यात एकदम करू नका. ज्या दोन-तीन जागांमध्ये माल सगळ्यात जास्त वेळा शोधावा लागतो, त्यांचीच शीट आधी मांडा. त्या जागा कुठल्या, हे तुमच्या हेल्परला आत्ताही ठाऊक आहे.